फ्लोरल डिझाइन शिकायचंय, ठाण्यात खरंच हाताने करायला लावणारा क्लास कसा ओळखायचा?

कासारवडवलीकर
नमस्कार मंडळी. मी घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीत, शनिवार-रविवार सुट्टी असते. सोसायटीच्या गणपतीची फुलांची सजावट, मैत्रिणींच्या डोहाळजेवणाच्या वाड्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हॉलमधली रचना हे सगळं बरीच वर्षं मीच करतेय आणि आता लोक स्वतःहून म्हणायला लागलेत की पैसे घे पण आमच्याकडेही करून दे. म्हणून म्हटलं की आता नीट शिकूनच घेऊ, कारण हौसेने करणं वेगळं आणि कुणाच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेणं वेगळं.

शोधलं तर एक दिवसाची वर्कशॉप्स आहेत, दोन-तीन महिन्यांचे वीकेंड सर्टिफिकेट कोर्स आहेत, नवी मुंबईत इकेबानाचे म्हणजे जपानी पुष्परचनेचे वर्ग आहेत आणि ऑनलाइन तर ढीग पडलाय. फोटो सगळ्यांचेच सुंदर असतात त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. मला हे हवंय की फुलं माझ्या हातात यावीत, मी कापावीत, मी बांधावीत आणि चुकलं तर कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं. फी भरायच्या आधी काय काय विचारायचं? आणि घरी सराव करायला फुलं स्वस्तात कुठून आणायची? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, मोठं लिहिलं तरी मी सगळं वाचणार आहे.

पाचपाखाडीचा_फुलवाला
ताई, माझं फुलांचं दुकान आहे, लग्नाची कामंही घेतो आणि हाताखाली बरीच मुलं-मुली तयार झालीत, तर माझ्या बाजूने सांगतो.

क्लासला पहिला प्रश्न हा विचारायचा की एका सेशनला एका विद्यार्थ्याच्या हातात किती काड्या येतात. म्हणजे गुलाब, कार्नेशन, जरबेरा, हिरवा पाला सगळं धरून. पुष्कळ ठिकाणी सर किंवा मॅडम पुढे टेबलावर मोठी रचना करतात, सगळे मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि शेवटी प्रत्येकाला एक छोटी बास्केट भरायला देतात. त्याने घरी न्यायला बास्केट मिळते पण हात तयार होत नाही. तोच बुके सोडून परत बांधायला लावतात का ते विचारा. जो शिकवणारा तुमचा बांधलेला बुके सोडवून पुन्हा बांधायला लावतो ना, त्याच्याकडे जा.

दुसरा प्रश्न, कंडिशनिंग शिकवतात का. बाजारातून आलेला बंच उघडणं, पाण्यात बुडतील ती सगळी पानं काढणं, देठ धारदार सुरीने तिरका कापणं आणि स्वच्छ बादलीत काही तास निवांत पाणी प्यायला ठेवणं. आमच्या धंद्यातलं अर्धं काम हेच आहे आणि क्लासमध्ये फुलं आधीच तयार करून टेबलावर मांडलेली असतात त्यामुळे शिकणाऱ्याला ते दिसतच नाही. मग घरी केल्यावर संध्याकाळी गुलाबाची मान पडते आणि लोक म्हणतात फुलवाल्याने शिळी फुलं दिली. खरं तर बऱ्याचदा बादली घाण असते. पाण्यात बॅक्टेरिया वाढले की देठाच्या नळ्या बुजतात आणि फूल भरल्या बादलीत तहानेलं राहतं. बादल्या साबणाने घासून घ्या, पाणी रोज बदला, दर वेळी देठ थोडा कापा. फ्लॉवर फूडच्या पुडीत पण वेगळं काही नसतं, साखर असते, पाणी थोडं आंबट करणारं काहीतरी असतं आणि जंतू मारणारं औषध असतं.

जरबेराचं वेगळं. त्याचा देठ मऊ, लवदार आणि पटकन सडणारा, त्याला खोल पाण्यात बुडवायचं नाही, चार बोटं पाणी पुरे. आणि पाणी पीत असताना डोकी वर आधाराला राहतील अशी जाळी किंवा कागद गुंडाळून ठेवायचा, कारण वाकलेल्या अवस्थेत पाणी प्यायलं की देठ तसाच वाकडा ताठ होतो. लिली उमलली की आतले परागाचे तुरे लगेच काढून टाका, ते साडीला लागले तर डाग जात नाही. लागलेच तर पाणी लावून चोळू नका, चिकटपट्टीने उचला. ऑर्किड आणि अँथुरियम घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, ती गरम हवेतली फुलं आहेत, जास्त गारव्याने काळी पडतात. आणि कुठलंच फूल पिकलेल्या केळ्या-आंब्यांच्या शेजारी नको, फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन तर त्याने मिटूनच जातं.

तिसरी गोष्ट स्पायरल. हाताने बांधायच्या बुकेचा पाया आहे हा. पहिली दोन-तीन फुलं डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायची, पुढचा प्रत्येक देठ आधीच्या देठांवर एकाच दिशेने तिरका टेकवायचा आणि दोन-चार काड्यांनी बुके हातातच थोडा फिरवायचा. एकही देठ उलट्या दिशेने गेला की तिथे अडकतो, फुलं दाबली जातात आणि कडेचं फूल मोडतं. बांधायची जागा एकच, जिथे अंगठा आहे तिथे. त्या जागेच्या खाली एक पान राहता कामा नये. नीट जमलं की खालचे देठ गोल फाकतात आणि देठ सारखे कापून टेबलावर ठेवला की बुके कशाच्याही आधाराशिवाय उभा राहतो. आमच्याकडे नवीन मुलीला आधी नुसत्या कामिनीच्या पाल्यावर स्पायरल करायला लावतो, पाला स्वस्त असतो आणि गुलाब वाया जात नाहीत. जरा वेळाने हाताला आपोआप कळायला लागतं.

एक दिवसाच्या वर्कशॉपने आवड आहे की नाही ते कळतं आणि तुम्हाला ते आधीच कळलेलं आहे. त्यामुळे वीकेंड कोर्स बघा पण सर्टिफिकेटच्या कागदासाठी जास्त पैसे देऊ नका. मला आजवर एकाही गिऱ्हाइकाने सर्टिफिकेट विचारलेलं नाही, फोटो मात्र सगळे मागतात.

सीवूड्सची_इकेबाना_विद्यार्थिनी
वरच्या दादांनी फार छान लिहिलंय. मी इकेबानाबद्दल लिहिते कारण माझा सगळा वीकेंड त्यातच जातो आणि मला ते मनापासून आवडतं.

जपानमध्ये इकेनोबो ही सगळ्यात जुनी परंपरा, क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरातली. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओहारा उन्शिन यांनी मोरिबाना आणली, म्हणजे उथळ पसरट भांड्यात केनझानवर (देठ खोचायची सुयांची जड चकती) केलेली रचना. आणि सोफू तेशिगाहारा यांनी १९२७ मध्ये सोगेत्सु सुरू केली. सोगेत्सुत कुठलंही साहित्य चालतं, वाळलेली फांदी चालते, तारही चालते, त्यामुळे आपल्याकडे शिकणाऱ्याला ती फार मोकळी वाटते. वर्गाला जाल तेव्हा कुठली स्कूल म्हणजे परंपरा आहे ते आधी विचारा, कारण प्रत्येकीचे धडे, मापं आणि परीक्षा वेगवेगळ्या असतात.

इकेबाना केल्याने गणपतीच्या ऑर्डरी लगेच वाढतील असं नाही, पण डोळा तयार होतो. सोगेत्सुचा अगदी पहिला धडा सांगते म्हणजे कळेल. तीन मुख्य काड्या असतात, शिन, सोए आणि हिकाए. भांड्याचा व्यास आणि खोली यांची बेरीज करायची, तिची दीडपट म्हणजे शिन. शिनच्या पाऊणपट सोए, सोएच्या पाऊणपट हिकाए. माझं भांडं ३० सेंमी रुंद आणि ५ सेंमी खोल आहे, तर शिन साधारण ५२ सेंमी, सोए ३९ आणि हिकाए २९. आता शिन सरळ उभ्या रेषेपासून १५ अंश कलवायची, सोए ४५ आणि हिकाए ७५. एवढंच. पण त्या १५ अंशांत फांदी पुढे बघतेय की मागे पडतेय यावर सगळा फरक पडतो आणि मॅडम आम्हाला एकच फांदी हातात फिरवून फिरवून बघायला लावतात, तिची ऊन बघणारी बाजू कुठली आणि पाठ कुठली. हे बघायला शिकल्यावर मी साध्या फुलदाणीतसुद्धा कमी फुलं घालायला लागले आणि रचना जास्त उठून दिसायला लागली. पाच फुलांत कोपरा भरता आला की खर्च पण वाचतो हे धंद्याच्या दृष्टीने लक्षात घे.

देठ पाण्याखाली बुडवून कापायची त्यांची पद्धत पण शिकून घे. कापताना देठात हवेचा बुडबुडा शिरत नाही आणि फूल लगेच पाणी ओढतं.

केनझान एकदाच घ्यावं लागतं, जड आणि दाट सुयांचं घे, हलकं घेतलंस तर उंच फांदी लावली की कलंडतं. फुलाचा देठ सरळ खोचायचा आणि जाड फांदी तिरकी कापून आधी सरळ खोचून मग हव्या त्या बाजूला कलवायची.

कोपरी_डेकोरेटर
मी थोडं वेगळं सांगतो, क्लासला नाव ठेवत नाही पण आपल्याकडे शिकायची अजून एक जागा आहे जिकडे कुणी बघत नाही. लग्नसराईत एखाद्या डेकोरेटरकडे रात्रीच्या कामाला हेल्पर म्हणून जा. रात्री हॉल रिकामा झाला की आमचं काम सुरू होतं आणि सकाळी मुहूर्ताच्या आधी मांडव उभा पाहिजे, त्या सहा-सात तासांत माणूस जे शिकतो ते क्लासमध्ये मिळत नाही. कुठलं फूल आधी लावायचं, कुठलं शेवटी, पंखा आणि एसीचा झोत कुठे येतो, हॅलोजनसमोर मोगरा किती वेळ टिकतो, झेंडूच्या माळा किती फुटांच्या आणल्या की कमी पडत नाहीत. ओळखीने जा, घरच्यांना सांगून जा, सोबत कुणी असेल तर अजून चांगलं.

आणि आपले हार-गजरे करणारे. जांभळी नाक्याला, कोपिनेश्वर मंदिराच्या आसपास बसणाऱ्या मावशींचे हात एकदा बघा. वेणी करताना दोन कळ्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, मध्ये दोऱ्याची आढी आणि गाठ न मारता नुसत्या ओढीने बसवतात, मोगऱ्याची एक कळी दुखावत नाही. मी आमच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवतो आणि त्यांच्या वेळेचे पैसे देतो. तुम्ही पण पैसे देऊनच शिका, ती त्यांची विद्या आहे. वाडीचे दागिने करायचे असतील तर ही विणच लागणार आहे, ग्लू गनने चिकटवलेले दागिने फोटोपुरते ठीक असतात पण गळ्यात टोचतात आणि गरम ग्लूने पाकळी करपते. दागिने आदल्या रात्री करून ओल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे, वर पाणी मारत बसायचं नाही, थेंब साचले की पाकळीवर तपकिरी डाग पडतात.

फुलं आणायची तर दादर. स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की मीनाताई ठाकरे फूल बाजार लागतोच. पहाटे माल ताजा आणि भाव चढा, ऊन वर आलं की उरलेला माल काढून टाकायचा असतो तेव्हा सरावापुरतं घासाघीस करून छान मिळतं. घोडबंदरवरून कल्याणचं मार्केट यार्डातलं फूल मार्केट पण जमण्यासारखं आहे, झेंडू, शेवंती, निशिगंध असा सुटा माल तिथे भरपूर. डच गुलाब आणि कार्नेशनचा बंच सहसा २० काड्यांचा, जरबेराचा १० चा, हे लक्षात ठेवून हिशोब करा.

सरावासाठी वेळ निवडा. श्रावण, गणपती, दसरा, मार्गशीर्षातले गुरुवार आणि व्हॅलेंटाइनच्या आधीचा आठवडा या दिवसांत भाव विचारूच नका. पितृपक्षात शुभकार्यं नसतात त्यामुळे सजावटीच्या फुलांना गिऱ्हाईक कमी, तेव्हा भरपूर आणा आणि हात मोकळा सोडून सराव करा.

कासारवडवलीकर
तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय, खूप खूप आभार 🙏 पितृपक्षाचं डोक्यातच आलं नव्हतं. काड्या किती येणार हा प्रश्न मी आज दोन क्लासना फोन करून विचारला, एकांनी लगेच आकडा सांगितला आणि दुसऱ्यांनी "मॅडम सगळं मटेरियल आमच्याकडून असतं" एवढंच म्हणून विषय बदलला, त्यामुळे निम्मा निर्णय तिथेच झाला.

अजून एक विचारायचंय. दोन्हीकडे मटेरियलच्या यादीत ओअ‍ॅसिस म्हणजे तो हिरवा फोम आहे. सोसायटीच्या गणपतीत आम्ही थर्माकोल पूर्ण बंद केलाय, सगळं निर्माल्य वेगळं गोळा करून खताला देतो, मग त्यात हा फोम कसा चालेल? आणि त्याच्याशिवाय देवापुढची मोठी रचना उभी राहते का?

सीवूड्सची_इकेबाना_विद्यार्थिनी
नको वापरूस, मनापासून सांगते. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिथर्स यांनी हा फोम काढला आणि त्याने सगळ्या जगाची फुलं लावायची पद्धतच बदलली, पण तो फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा आहे, म्हणजे प्लास्टिकच. हाताने चुरगाळला की जी हिरवी भुकटी होते ती मायक्रोप्लास्टिक आहे आणि फोम भिजवलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं की ती थेट गटारात आणि तिथून आपल्या खाडीत जाते. ऑस्ट्रेलियातल्या आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी या भुकटीचा पाण्यातल्या छोट्या जीवांवर परिणाम तपासला, ते जीव ती खातात आणि फोममधून पाण्यात उतरणारी रसायनं त्यांना अपायकारक ठरतात असं त्यांना दिसलं. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत फोमला बंदी घातली आहे. तिथे एवढ्या मोठ्या मोठ्या रचना त्याच्याशिवाय होतात तर आपल्या गणपतीपुढे का नाही होणार?

उथळ भांड्याला केनझान आणि खोल कुंडीला कोंबडीच्या खुराड्याची जाळी मिळते ना हार्डवेअरच्या दुकानात, ती सैलसर चेंडूसारखी दुमडून आत बसवायची आणि पाणी भरायचं. देठ दोन-तीन थरांतून जातात त्यामुळे घट्ट धरले जातात आणि फुलं पाण्यात असल्यामुळे टिकतातही जास्त. जाळी धुऊन वर्षानुवर्षं वापरता येते.

कोपरी_डेकोरेटर
गणपतीसाठी केळीचा खांब. घड उतरवला की केळीचं झाड तोडूनच टाकतात, त्यामुळे खांब सहज मिळतो. हातभर तुकडा कापायचा, आडवा ठेवायचा, खालून एक पातळ काप काढला की गडगडत नाही. वर बांबूच्या काडीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने आधी भोक पाडायचं आणि मग फूल खोचायचं, मऊ देठ सरळ दाबला तर मोडतो. खांबात स्वतःचंच एवढं पाणी असतं की शेवंती, झेंडू, अष्टर, निशिगंध दीड दिवसाच्या गणपतीला आरामात ताजे राहतात, पाच दिवसांना मधे एकदा फुलं बदला. खाली ताट ठेवा, चीक गळतो आणि त्याचा डाग कापडावरून निघत नाही. विसर्जनानंतर सगळं निर्माल्यात. आमच्या आधीच्या पिढीतले डेकोरेटर अख्खे मखर यावरच करायचे.

पाचपाखाडीचा_फुलवाला
दोघांचं बरोबर आहे, मी पण दुकानात फोम कमी करत आणलाय. फक्त ताईंना एक सांगतो, क्लासमध्ये फोम दिला तर तो कसा भिजवायचा तेवढं शिकून घ्या, कारण कधी कुणाच्या हाताखाली काम करायची वेळ आली तर येत असावं. पाण्यावर ठेवायचा आणि आपोआप बुडू द्यायचा, वरून दाबायचा नाही. दाबला की बाहेरून ओला दिसतो आणि आत कोरडा गड्डा राहतो, त्यात खोचलेलं फूल दोन तासांत माना टाकतं. आणि एकदा खोचलेली काडी वर ओढायची नाही, खाली पोकळी राहते आणि देठ पाण्यापासून तुटतो. ज्यांनी लगेच आकडा सांगितला त्यांना फोमशिवायचं एखादं सेशन घ्याल का असं विचारून बघा. विद्यार्थी विचारायला लागले की क्लासवाले पण शिकवायला लागतील.

पैशांचं पण बोलून ठेवतो कारण घरून काम सुरू करणाऱ्या ताया तिथेच मार खातात. फुलांचा खर्च, पाला, दोरा, रिक्षा-टेम्पो, वाटेत मोडणारी फुलं हे सगळं धरा आणि मग स्वतःच्या तासांचे पैसे वेगळे लावा. रात्रभर बसून वाडीचे दागिने केले तर ती मजुरी आहे, ओळखीतलं काम म्हणून ती सोडू नका. ऑर्डर घेतली की फुलांचे पैसे आगाऊ घ्यायचे, कारण मार्केटमध्ये नवीन माणसाला उधारी नसते. आणि गिऱ्हाइकाला एकाच फुलाचा शब्द देऊ नका, रंगाचा द्या. ऐनवेळी पीच गुलाब आलाच नाही तर पीच कार्नेशन लावता येतं.

नौपाड्यातली_आजी
मी नुसतं वाचत होते पण राहवलं नाही म्हणून लिहितेय. जानेवारी-फेब्रुवारीकडे आपल्या महापालिकेचं वृक्षवल्ली प्रदर्शन असतं आणि भायखळ्याला राणीच्या बागेत मुंबई महापालिकेचं, ती दोन्ही बघायला जा गं बाळा. फोटो काढून लगेच पुढे जाऊ नकोस, रचनेच्या बाजूने आणि मागून बघ, काड्या कशा अडकवल्यात ते मागूनच दिसतं. मी माझ्या सुनेला तसंच बघायला लावते. आणि निशिगंधाची खालची सुकलेली फुलं रोज खुडत जा म्हणजे वरच्या कळ्या उमलत राहतात, एक काडी चांगली आठवडाभर घरात वास देते.

कासारवडवलीकर
आजी नक्की जाणार, आणि मागून पण बघणार 😊

तर ठरलं असं. वीकेंड कोर्सच्या त्या आकडा सांगणाऱ्या मॅडमना शनिवारी प्रत्यक्ष भेटते, फोमशिवायच्या सेशनचं विचारते आणि चालू बॅच अर्धा तास बघू द्या म्हणते. नाही म्हणाल्या तर पैसे भरणार नाही. इकेबाना पुढच्या वर्षी नेरूळ-सीवूड्सकडे, ट्रान्सहार्बरने जमण्यासारखं आहे. कोपरीवाले दादा, तुमच्याकडे या सीझनला रात्रीच्या कामाला एक हेल्पर चालेल का? मी आणि माझी जाऊ दोघी येऊ, ती पण फुलांतली आहे.

कोपरी_डेकोरेटर
चालेल की. तुळशीच्या लग्नानंतर कामं सुरू होतात, मेसेज करून ठेवा. येताना स्वतःची कात्री आणा, पायात बंद बूट घाला, खाली तारा आणि टाचण्या पडलेल्या असतात. जेवण आमच्याकडे.